जांबाचं ओलं बी

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या पणतवंडांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. घाटमाथ्याच्या मागे, जिथे पोचेपर्यंत ढग निम्मे रिकामे झालेले असतात, तिथे एक कोरडं गाव होतं. ज्वारी, बाजरी, राळा, हुलगा एवढंच तिथे पिकायचं. विहीर एकच होती. पाहुण्याने तांब्यात घोटभर पाणी शिल्लक ठेवलं, तर तेही कुणी फेकत नसे.

या गावाची एक रीत होती. बियाणं घरोघर ठेवायचं नाही. सगळ्या गावाचं बी एकाच घरात, एकाच उतरंडीत राहायचं. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकावर एक रचलेली मडकी, प्रत्येकात उन्हात खडखडीत वाळवून राखेत घोळलेलं बी, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणमातीने लिंपलेलं. ही उतरंड सांभाळणाऱ्या बाईला गाव बीजमाय म्हणायचं. पेरणीच्या दिवशी तिच्या हातून ओंजळभर बी घेतल्याशिवाय कुणी तिफण जुंपत नसे.

बीजमायीला दोन नियम पाळावे लागत. ओलं बी वेशीच्या आत येऊ द्यायचं नाही, कारण एका ओल्या दाण्याने अख्खं मडकं बुरशी धरतं. आणि जिच्या हातून बी मरेल, तिने पुन्हा उतरंडीला हात लावायचा नाही.

आपल्या गोष्टीतली बीजमाय म्हातारी होती, पण वाकलेली नव्हती. तिच्या हातून कधी बी मेलं नव्हतं, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच. तिची सून गरीब स्वभावाची, पण कामाला वाघीण. ती दर वर्षी विचारायची, "आत्याबाई, राख किती घ्यायची ते दाखवा की. तळातल्या मडक्याला कसली वेगळी राख लागते म्हणे, ती कशाची?"

म्हातारी म्हणायची, "सांगीन की. घाई काय आहे? मी काय आजच चालले होय?"

तळाच्या मडक्यात सोनराळा होता. दाणा बारीक, रंग हळदीसारखा, आणि पाऊस रुसला तरी तो पदरात चार पायल्या टाकायचाच. पण त्याला साध्या राखेत कीड लागे. त्याला कुठल्याशा झुडपाची राख लागायची, आणि ते झुडूप एकट्या म्हातारीला माहीत होतं. तिला तिच्या सासूने मरतामरता सांगितलं होतं. आपल्यालाही मरतामरताच सांगायचं आहे, असं म्हातारीने मनाशी धरलं होतं. त्यात तिचा दोष तरी किती म्हणावा? जे जसं मिळालं, तसंच माणूस पुढे देतं.

एका उन्हाळ्यात, चैत्र सरता सरता, घाटाखालचा एक फिरस्ता गावात आला. उन्हाने त्याचा जीव अर्धा झाला होता. म्हातारीने त्याला सावलीत बसवलं, भाकरी दिली, पाणी दिलं. जाताना त्याने झोळीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक फळ काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"जांब आहे, माय. आमच्या नदीकाठचा. एवढा एकच धड उरलाय."

आता जांब म्हटल्यावर काही जणांना पेरू आठवेल. तो नव्हे. आणि हलवायाच्या परातीतले गोळे आठवत असतील, तर तोंड पुसा, तेही नव्हेत. हे फळ फिकट पिवळं, मुठीत मावेल एवढं, आणि हाताला इतकं हलकं की आत काही आहे की नाही असं वाटावं. म्हातारीने ते कानाशी हलवलं. आत बी खुळखुळलं.

मग तिने चावा घेतला.

जन्मभर भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं खाल्लेल्या त्या जिभेला आधी काही कळेचना. दातांखाली कुरकुरीत काहीतरी मोडलं आणि सगळ्या तोंडात गुलाबाचा वास भरला. गोडी बेताचीच होती. पाणी म्हणावं तर त्याला चव होती आणि फळ म्हणावं तर ते पाण्यासारखं निववत होतं. विहिरीचा तळ दिसत असताना कुणी थंड तांब्या पुढे करावा, तसं तिला झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

उरलेल्या फळाच्या तिने नखाएवढ्या चिरा केल्या आणि घरोघर वाटल्या. ज्याच्या जिभेवर ती चीर पडली तो थबकला. संध्याकाळी पारावर दुसरा विषयच नव्हता.

"या गावात मी जांबाचं झाड उभं करीन," म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली. "माझ्या हातून बी मरत नाही."

फळातून निघालेलं बी तिने मोठ्या निगुतीने हाताळलं. धुतलं, पुसलं, वेशीबाहेर नेऊन कडक उन्हात वाळवलं. राखेत घोळलं, कोऱ्या मडक्यात घातलं, वर कडुनिंब, आणि तोंड लिंपून टाकलं. मृगाचा पाऊस पडल्यावर मडकं फोडलं आणि विहिरीजवळ आळं करून बी पेरलं.

ज्वारी गुडघ्याला लागली. आळ्यात काही उगवलं नाही.

शेवटी म्हातारीने स्वतःच माती उकरली. आत सुकलेल्या सुपारीसारखं एक खांड हाताला लागलं. दाबलं तर त्याचा भुगा झाला.

गावचा पंच म्हणजे वयोवृद्ध, मोजून बोलणारा माणूस. तो घुटमळत म्हणाला, "माय, कसं बोलू? रीत तू जाणतीस."

"जाणते," म्हातारी म्हणाली. तिने हाताची माती झटकली. "माझ्या हातून बी मेलं. आजपासून मी उतरंडीला हात लावणार नाही. पण माझंही ऐका. जांबाचं फळ या गावाच्या मातीतून काढून तुमच्या हातावर ठेवीन, त्या दिवशी माझा हात मला परत द्यायचा."

पंचाने मान हलवली. उतरंडीची जबाबदारी सुनेकडे गेली. सून घाबरून गेली. "आत्याबाई, मला काहीच येत नाही हो. निदान सांगा तरी."

"मी परत येईन तेव्हा मीच बघीन," म्हातारी म्हणाली. "तोवर काही हलवू नकोस."

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी पाठीशी भाकऱ्यांचं गाठोडं बांधून निघाली आणि घाट उतरली. नदीच्या वळणावर तिला ते झाड सापडलं. गर्द पाला, फांद्यांवर जांबांचे घोस, आणि फळांच्या मधूनच चुकार फुलांचे पांढरे तुरे. झाडाखाली एक माळी आणि त्याची बायको टोपल्या भरत होती.

म्हातारीने रामराम केला आणि सरळ मुद्द्यावर आली. "याचं बी तुम्ही कसं ठेवता?"

माळीण हसली. "बी आम्ही ठेवत नाय, बाय."

"राखेत नाही?"

"राखेत नाय, कशातच नाय. ठेवायचं कशाला?"

म्हातारीला राग आला. तिला वाटलं, ही बाई गुपित सांगायला नाकारते आहे. तिने स्वतः सुनेला इतकी वर्षं जे केलं होतं, तेच हीही करत असणार, दुसरं काय? चोराच्या मनात चांदणं असतंच, आणि तिला तर सगळीकडे तेच दिसत होतं. माळणीने मात्र आनंदाने तिला टोपलीभर जांब दिले. म्हातारी ती डोक्यावर घेऊन घाट चढू लागली.

जांब फार नाजूक. बोटाचा दाब पडला तरी डाग धरतो. पहिल्या मुक्कामाला वरची फळं तांबूस झाली, पुढच्या मुक्कामाला टोपलीतून आंबूस वास यायला लागला, आणि वेशीवर पोचली तेव्हा टोपलीत लगदा होता. तिने वेशीबाहेरच त्यातून बिया निवडल्या. ऊन फार कडक पडलं असेल, असा विचार करून या वेळी त्या सावलीत वाळवल्या. राख चाळून घेतली. मडकं दोनदा लिंपलं.

पावसाळा आला. एकही बी उगवलं नाही.

आता गाव हसू लागलं. माणसं पाठीमागे हसतात ते एक वेळ सोसवतं, पण विहिरीवर बायका तोंडावर पदर घेऊन विचारायच्या, "काय म्हणतोय जांब?" म्हातारी घागर उचलायची आणि म्हणायची, "येतोय." त्याहून एक शब्द जास्त बोलायची नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती पुन्हा निघाली. सुनेने आडवं येऊन पाहिलं. "आत्याबाई, वय काय, चाललात कुठं? नसू दे तो जांब."

"चव माझ्या तोंडातून गेली नाही, तोवर पायांनी चालायलाच हवं," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली.

या वेळी तिने मनाशी पक्कं केलं होतं, की माळीण बी कुठे लपवते ते पकडायचंच. ती झाडाखाली ठाण मांडून बसली. माळणीने फळ खाल्लं, बी कुंपणापलीकडे भिरकावलं. माळ्याने खाल्लं, त्यानेही भिरकावलं. पोपटांनी अर्धवट खाऊन खाली टाकलं. ना कुणी वाळवलं, ना कुणी ठेवलं. दिवस कलायला आला, तशी म्हातारी उठली आणि कुंपणापलीकडे गेली.

तिथे ओल्या पाचोळ्यात जांब पडून सडले होते. माश्या घोंघावत होत्या. एक सडका जांब तिने पायाच्या अंगठ्याने परतवला. त्याच्या पोटात बी उललं होतं, आणि एकाच बीतून दोन-तीन हिरवे कोंब वर आले होते. ना आळं, ना पेरणी, ना मुहूर्त.

म्हातारीने वाकून एक कोंब बोटाने चाचपला. तिला सगळं समजलं. ज्वारीचा दाणा वाळला की झोपतो आणि पावसाची वाट बघतो. जांबाचं बी झोपत नाही. त्याची ओल गेली की त्याचा जीव गेला. राख, ऊन, लिंपण, जे जे तिने मायेने केलं, त्या प्रत्येकाने ते थोडं थोडं मेलं होतं.

"बाई गं," ती माळणीला म्हणाली, "तू मला खरं तेच सांगितलं होतंस, आणि मी तुला लबाड समजले."

माळीण म्हणाली, "तू विचारत होतीस ठेवायचं कसं. लावायचं कसं ते विचारलंच नाहीस, बाय."

म्हातारीने एका रुंद तोंडाच्या मडक्यात नदीकाठची माती भरली, त्यात ते कोंब लावले, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते डोक्यावर घेतलं. वाटेत पाणी दिसलं की आधी फडक्याला, मग स्वतःला. घाटाच्या निम्म्यावर पाणी संपत आलं, तेव्हा तिने स्वतःचा घोट टाळला आणि तो मडक्यात ओतला. कोरड्या घशाने ती वेशीवर पोचली.

वेशीत पंच उभा होता. "माय, ओलं बी आत येत नाही."

"ही रीत ज्वारीच्या बियाला घातलेली आहे," म्हातारी म्हणाली. "ती बरोबरच आहे, आणि मी ती जन्मभर पाळली. पण या बियाला तीच रीत लावून मी त्याला दोनदा मारलंय. तिसऱ्यांदा मारणार नाही. उतरंडीच्या जवळही नेत नाही. विहिरीच्या सांडपाण्याशी लावते. वाट सोडता, की इथेच बसू?"

पंचाने ती कोवळी पानं न्याहाळली आणि तो बाजूला झाला.

लावलं म्हणजे झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी झाड लावलेलं नसतं. वैशाखाच्या झळांनी एक रोप करपलं. दुसरं कुणाच्या तरी शेळीने खाल्लं. उरलेल्या एकाला म्हातारीने कडब्याचा आडोसा केला, भोवती बोरीच्या काट्या रोवल्या, आणि घागरी भरताना जे पाणी सांडायचं ते पाटाने त्याच्या बुडाशी वळवलं. उन्हाळ्यात तेही आटे. मग सासू-सुना भांडी विसळलेलं पाणी तिकडे नेत.

अशाच एका उन्हाळ्यात सून रडत आली. तळाचं मडकं तिने उघडलं होतं. म्हातारीने तरुणपणी एकदाच जाळून ठेवलेला राखेचा साठा संपला होता, आणि साध्या राखेतल्या सोनराळ्याला कीड लागायला लागली होती. "आत्याबाई, राख कशाची ते आता तरी सांगा!"

म्हातारी सांगायला गेली.

नाव आठवेना. पान कसं होतं? काटे होते की नव्हते? माळावरचं की ओढ्यातलं? सासू सांगत होती ते तिच्या कानात होतं, तिचा धाप लागलेला आवाज होता, हाताची पकड होती. तेवढं एक नाव गेलं होतं. किती वर्षं तिने ते मनात लिंपून ठेवलं होतं. एकदाही कुणापुढे उघडलं नव्हतं.

त्या दिवशी म्हातारी सगळा माळ फिरली. दिसेल त्या झुडपाची राख करून पाहिली. मृग लागायच्या आत सोनराळ्याच्या एकेका दाण्याचं पीठ झालं.

ती रडली, मोठ्याने रडली. मग तिने डोळे पुसले, हे बी आपल्या न सांगण्याने मेलं, सुनेच्या हाताने नाही, असं पंचाला सांगून दोष स्वतःकडे घेतला, आणि उतरंडीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसली. हात लावायची बंदी, म्हणून ती आत पाऊलच टाकत नसे.

"ये," ती सुनेला म्हणाली. "वरचं मडकं उतरव. मी सांगते, तू कर. आज बाजरी. राख ओंजळीत घे, तशी नाही, बोटं मिटून. विचार काय विचारायचं ते. सगळं विचार."

रोज ती उंबऱ्यावर बसे. तिच्या हाताला मनाई होती म्हणून तिला बोलावं लागे, आणि ती बोलत होती म्हणून सून शिकत होती. कधी म्हातारी चुकली, की सूनच म्हणे, "असं नाही, काल तुम्ही उलटं सांगितलंत." आधी म्हातारी चिडायची. मग तिला त्यात बरं वाटायला लागलं.

आणि एका वसंतात जांबाला फुलं आली. पांढरे, रेशमी तुरे. गाव बघायला लोटलं. फुलांची फळं झाली, तशी रात्री वटवाघळं आणि दिवसा फळमाश्या. म्हातारीने जुनं लुगडं फाडलं आणि सुनेबरोबर एकेका फळाला पिशवी बांधली. झाडाला गलगंड झाल्यासारखं दिसतं, म्हणून पोरं हसली. "हसू देत," म्हातारी म्हणाली.

पहिला जांब पिकला, तेव्हा तिने तो पिशवीतून काढून पंचाच्या हातावर ठेवला. त्याने तो कानाशी हलवला. बी खुळखुळलं. नखाएवढ्या चिरा पुन्हा घरोघर फिरल्या. ती पहिली चव ज्यांच्या आठवणीत होती ते म्हणाले, तीच. अगदी तीच.

"माय, तू जिंकलीस," पंच म्हणाला. "उतरंड तुझी. लाव हात."

सगळं गाव मागे येऊन उभं राहिलं. म्हातारी उंबऱ्यापाशी गेली. आत मडकी नीट रचलेली होती, लिंपण ताजं होतं, आणि कुठल्या मडक्यात काय आहे ते आता सुनेला अंधारातही कळत होतं. म्हातारीने उंबरा ओलांडला नाही.

"हात आता हिचाच लागू दे," ती म्हणाली. "माझं जे होतं ते हिच्याकडे उगवलंय. उशीर झाला म्हणून थोडं गमावलं, ते माझ्या माथी."

मग तिने जांबातलं बी, अजून रसाने ओलं असलेलं, सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"मुठीत धरून बसू नकोस. आत्ता जा. आत्ताच लाव."

आज त्या गावात विहिरीकाठी जांबांची दाट राई आहे, आणि वैशाखात वाटसरूला पाण्याबरोबर एक जांब मिळतो. सोनराळा मात्र त्या मुलखात पुन्हा कुणी पाहिला नाही. उतरंडीतलं तळाचं मडकं अजून तसंच आहे, रिकामं. नवी सून बीजमायीच्या हाताखाली आली, की पहिल्याच दिवशी तिला ते मडकं उघडून आत बघायला लावतात, आणि त्याच दिवसापासून तिचं शिकणं सुरू होतं.

बोध: जे जगवायचं असेल ते ओलं असतानाच दुसऱ्याच्या हाती द्यावं, नुसतं जपून ठेवलेलं आपल्याच हातात मरतं.